नाक चाटलं म्हणजे गिळलं

दिवाळी अंकाच्या संपादक बाईंचा फोन आला तेव्हा त्या म्हणाल्या, "तात्या, बैलांचं लिहा. दिवाळीत लोकांना गावाकडचं वाचायला आवडतं." बैलांचं लिहिण्यासारखं माझ्याकडे पोतंभर आहे. जनावरांच्या सरकारी दवाखान्यात ड्रेसर म्हणून माझी उभी हयात गेली. पण खरं सांगायचं तर इतक्या वर्षांत एकाही बैलानं मला बनवलं नाही. ते काम एका मांजरीनं केलं, तेही कोथरूडला, तिसऱ्या मजल्यावर. तेव्हा मी मांजरीचंच लिहितो. बैलांनी समजून घ्यावं.

ड्रेसर म्हटलं की शहरातल्या लोकांना कपड्यांचं काही तरी वाटतं. डॉक्टर जे तोंडानं सांगतात ते जनावराच्या अंगावर करून दाखवणारा माणूस म्हणजे ड्रेसर. जखम धुवायची, पट्टी बांधायची, जनावर दोरानं आडवं पाडायचं, आणि औषध पाजायचं. आमच्या उमेदीच्या काळात बैलाला औषध पाजायला बांबूचं नळकांडं असायचं. वेसण धरून मान वर करायची, गालाच्या फटीतून नळकांडं आत सरकवायचं आणि घोटाघोटानं ओतायचं. घाई केली तर औषध फुप्फुसात जातं आणि बैल दगावतो. धीर सोडला तर तुम्ही दगावता. मी दोन्ही होऊ दिलं नाही, याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही.

मी मूळचा हडपसरचा. आमच्या भावकीचे गोठे होते तिथे आता काचेच्या इमारती आहेत आणि गळ्यात ओळखपत्र अडकवलेली पोरं रस्त्यावर उभ्यानं चहा पितात. बैल आधी गेले, मग म्हशी गेल्या. निवृत्तीच्या सुमाराला दवाखान्यात दिवसभरात एखादी शेळी आली तरी आम्ही तिच्याभोवती गोळा व्हायचो. याचं वाईट वाटतं. शेणाचा वास नसला की मला अजून सकाळ झाल्यासारखी वाटत नाही.

निवृत्त झालो आणि घरात बसलो. आठवड्याभरातच आमची शालन म्हणाली, "माझ्या भाकरी थापण्यावर देखरेख करायला सरकारनं पेन्शन दिलीया व्हय?" नेमकं तेव्हाच आमच्या दवाखान्यात शिकाऊ म्हणून येऊन गेलेल्या डॉक्टर मॅडमनी कोथरूडमध्ये कुत्र्या-मांजरांचा दवाखाना काढला होता. त्यांची अडचण अशी की लोक मांजरासाठी गोळ्या घेऊन घरी जायचे आणि दुसऱ्या दिवशी हाताला बँडेज बांधून, गोळ्या जशाच्या तशा घेऊन परत यायचे. त्यांना घरोघरी जाऊन गोळी देणारा माणूस हवा होता. मी घरी सांगितलं. शालन म्हणाली, "जमंल का?" मी म्हणालो, "खोंड आडवा केलाय एका दोरावर. हे तीन किलोचं मांजर ते काय."

हे वाक्य मी बोललो नसतो तर बरं झालं असतं. तिनं ते अजून विसरलेलं नाही.

ज्यांच्या घरी मांजर नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. बैलाला औषध नको असतं तेव्हा तो मान फिरवतो. मांजराला औषध नको असतं तेव्हा ते नाहीसं होतं. सापडलं तर त्याचे पाय चाराचे आठ होतात. म्हणून पहिली गोष्ट म्हणजे जाड टॉवेल. चपातीत भाजी गुंडाळतो तसं मांजर गुंडाळायचं, फक्त डोकं बाहेर. मग आपण जमिनीवर बसून ते दोन गुडघ्यांत धरायचं, तोंड आपल्याकडे नाही, समोर. डाव्या हाताचा अंगठा आणि बोट गालफडांवर ठेवून डोकं वर करायचं, उजव्या हाताच्या बोटानं खालचा जबडा उघडायचा आणि गोळी जिभेच्या पार मुळाशी टाकायची. तोंड मिटायचं, गळा चोळायचा आणि वाट बघायची. मांजरानं जिभेनं नाक चाटलं म्हणजे गिळलं. ही खूण मला डॉक्टर मॅडमनी शिकवली आणि पुढे ती मी जगाला शिकवत सुटलो.

सुरुवातीची गिऱ्हाइकं सोपी होती, मालक अवघड होते. हडपसरच्याच एका टॉवरमध्ये एक जोडपं होतं, दोघंही संगणकवाले. मी गेलो तेव्हा नवरा हेल्मेट घालून उभा होता आणि बायकोनं ओव्हनमधून भांडं काढायचे हातमोजे चढवले होते. "अंकल, शी इज व्हेरी स्वीट, पण गोळी बघितली की एकदम वाइल्ड होते," नवरा म्हणाला. आदल्या दिवशी त्यांनी गोळी कुटून दुधात घातली होती. मांजरीनं वास घेऊन दूध सोडलं. ते दूध कुणी तरी जपून फ्रिजमध्ये ठेवलं आणि संध्याकाळी त्याचीच कॉफी झाली. जंताची गोळी अशी नवऱ्याच्या पोटात गेली. मी डॉक्टर मॅडमना फोन लावला. त्या म्हणाल्या, "त्यांना म्हणावं माणसांच्या डॉक्टरांना एकदा विचारून घ्या, आणि आता खाण्यात काही मिसळू नका." तेव्हापासून मी नियमच केला. मांजराची गोळी खाण्यात घालायची नाही, ती हातानंच द्यायची. हा नियम मी प्रत्येक घरात पहिल्याच दिवशी, आवाज चढवून सांगायचो. पुढच्या सगळ्या गोंधळाला हा नियमच कारण झाला.

मार्केट यार्डातल्या एका गुळाच्या गाळ्यावरची मांजरसुद्धा मी केली. तिला धरायला मालकानं एक हमाल दिला. पाठीवर पोतं टाकून पळणारा गडी, पण मांजरीनं नुसतं फिस्स केलं आणि तो गुळाच्या ढेपांवर चढून बसला. मांजर खाली राहिली आणि तिनं शहाण्यासारखी गोळी घेतली. असं सगळं चाललं होतं आणि माझा भाव वाढत होता. मग मला टाचणी भेटली.

टाचणी ही गायकवाड साहेबांची मांजर. साहेब सरकारी लेखा खात्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. निरोपसमारंभाच्या दिवशी कचेरीच्या जिन्याखाली हे पिल्लू सापडलं आणि हारांच्या पिशवीतून घरी आलं. त्याची नखं साहेबांच्या सफारीत अडकली ती निघेनात, म्हणून नाव टाचणी. घरात साहेब आणि त्यांच्या पत्नी सुमनताई, दोघंच. हॉलमध्ये बुद्धाची मोठी शांत मूर्ती, तिच्यासमोर दिवा, आणि मूर्तीच्या मागे, भिंतीला लागून, टाचणीची आवडती जागा.

वर्षाची झाली नाही तोच टाचणीला ताप आला आणि पोटात पाणी भरायला लागलं. डॉक्टर मॅडमनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "तात्या, पूर्वी याला औषधच नव्हतं, मांजर जायचंच. आता गोळ्या निघाल्यात. पण तीन महिने, रोज ठरल्या वेळेला पोटात गेल्या पाहिजेत. खंड पडला तर आजार उलटतो." दोघं नवरा-बायको आठवडाभर झटत होते आणि एक गोळी धड आत गेली नव्हती.

पहिल्या दिवशी मी गेलो तेव्हा साहेब खुर्चीत बसून होते. मला बघून मान हलवली, बोलले काही नाहीत. सुमनताई मला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या.

"निवृत्त झाल्यापासून हे असेच आहेत," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "दिवस दिवस बोलत नाहीत. बोलतात ते तिच्याशी. सकाळी पेपर तिला वाचून दाखवतात. ती गेली ना तात्या, तर या घरात फक्त मिक्सर बोलेल."

मी म्हणालो, "ताई, काळजी सोडा. माझ्या हातनं खोंड सुटला नाही."

मी माझा नियम सांगितला. शिवाय गोळी घशातून सरकावी म्हणून तिला तूप लावायला सांगितलं. सुमनताई आतून वाटीत तूप लावलेली गोळी आणायच्या आणि मी ती द्यायचो, अशी पद्धत ठरली. सकाळी नऊची वेळ. पहिल्या दिवशी टाचणीला काही कळायच्या आत सगळं उरकलं. तिनं नाक चाटलं. साहेब पहिल्यांदा बोलले, "झालं?" मी म्हणालो, "झालं."

दुसऱ्या दिवशी मी स्कूटर पार्किंगमध्ये लावली आणि वर तिसऱ्या मजल्यावर टाचणी नाहीशी झाली. तिनं स्कूटरचा आवाज ओळखला होता. मग मी स्कूटर गल्लीच्या तोंडाशी, नारळवाल्याजवळ लावायला लागलो. मग तिनं बेल ओळखली. बेल बंद केली, साहेब लाकडी दार उघडं टाकून जाळीच्या दाराशी उभे राहायला लागले. मग तिनं माझ्या चपलांचा आवाज ओळखला. तेव्हा मी खालीच चपला काढून हातात घेतल्या आणि अनवाणी जिना चढलो. दुसऱ्या मजल्यावर लेले काकू रांगोळी काढत होत्या.

"कुणाकडे?" त्यांनी विचारलं.

"वर, गायकवाडांकडं."

"आणि चपला हातात का? हा सोसायटीचा जिना आहे, देऊळ नाही."

"मांजरीला कळू नये म्हणून."

काकूंनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "बरं," म्हणाल्या आणि दार लावून घेतलं. कोथरूडमध्ये 'बरं' म्हणून दार लावलं की पुढे काही बोलायचं राहत नाही.

पण वर एक वेगळीच गंमत सुरू झाली होती. गायकवाड साहेबांमधला अधिकारी जागा झाला होता. संध्याकाळी त्यांचा फोन यायचा. "तात्या, वॉशिंग मशीनमागची फट मी पुठ्ठ्यानं बंद केली आहे. दिवाणाखाली बॅगा लावल्या आहेत. उद्या आपण उजवीकडून या, मी गॅलरीकडून येतो." दुसऱ्या दिवशी टाचणी पडद्याच्या वरच्या लाकडी पेल्मेटवर बसलेली असायची आणि आम्ही दोन निवृत्त सरकारी नोकर पडद्याखाली टॉवेल ताणून उभे असायचो. एकदा साहेब सोफ्याखाली असे अडकले की त्यांना पायाला धरून ओढावं लागलं. जनावर ओढायची माझी सवय कामाला आली. टाचणी तेवढ्या वेळात शांतपणे साहेबांच्या खुर्चीवर जाऊन बसली होती.

आणि रोज शेवटी गोळी जायची, नाक चाटलं जायचं, मी 'झालं' म्हणायचो.

तरी पहिले दोन आठवडे टाचणी सुधारेना. ताप उतरायचा आणि परत चढायचा. जेवणाकडे ती बघायची नाही. डॉक्टर मॅडमच्या कपाळावर आठी आली. "गोळी नक्की जातेय ना तात्या?" मी म्हणालो, "नाक चाटतीया रोज." साहेबांचा फोन यायचा थांबला. एका सकाळी ते तिला पेपर वाचून दाखवत होते आणि मधेच त्यांचा आवाज बंद पडला. त्यांनी पेपर घडी करून ठेवला. मला खाली मान घालून टॉवेलच्या घड्या घालत बसावं लागलं. त्या दिवशी मी घरी जाऊन जेवलो नाही.

मग तिसऱ्या आठवड्यात चमत्कार झाला. ताप गेला. पोट उतरलं. टाचणी पेल्मेटवरून कपाटावर आणि कपाटावरून माझ्या डोक्यावर उडी मारायला लागली. साहेब इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. माझा हात बसला, असं मी मनाशी म्हटलं. दवाखान्यात बाकावर बसलेल्या लोकांना मी फुकट व्याख्यान द्यायला लागलो. "खाण्यात घालायची नाही. हातानंच. नाक चाटलं म्हणजे गिळलं." डॉक्टर मॅडम संगणकात डोकं घालून हसायच्या. मला वाटायचं, कौतुकानं हसतात.

एका दुपारी दुसऱ्या मांजराकडे जायचं होतं आणि माझा टॉवेल गायकवाडांकडे राहिला होता. दोन वाजता कुणाच्या घरी जाऊ नये हे मला पुण्यात राहून चांगलं कळतं, पण टॉवेलशिवाय मी म्हणजे वस्तऱ्याशिवाय न्हावी. गेलो. सवयीनं चपला हातात घेतल्या, सवयीनं बेल वाजवली नाही. लाकडी दार वाऱ्याला उघडं होतं. जाळीतून थेट स्वयंपाकघर दिसत होतं. आणि वास आला. भाजलेल्या सुकटीचा. आमच्या आईच्या चुलीवरचा वास तो, माझी पावलं आपोआप थांबली.

सुमनताई ओट्याजवळ पाटावर बसल्या होत्या. टाचणी त्यांच्या मांडीवर. ताईंनी भाजलेल्या सुकटीचा चुरा आणि मऊ भात यांचा हरभऱ्याएवढा गोळा केला, त्यात गोळी दाबली आणि पुढे धरली. टाचणीनं ती घेतली, खाल्ली आणि आणखी आहे का म्हणून ताईंच्या हातावर पंजा ठेवला. टॉवेल नाही, गालफड नाही, काही नाही.

"ताई," मी म्हणालो.

ताई दचकल्या. टाचणीनं माझ्याकडे पाहिलं आणि जागची हललीसुद्धा नाही. दुपारी दोन वाजता मी तिच्या लेखी कुणीच नव्हतो.

"हळू बोला," ताई दार उघडत कुजबुजल्या. "हे झोपलेत."

"ही गोळी होती?"

"हो."

माझी शहरी भाषा गळून पडली. "मग सकाळच्याला मी काय देतोय?"

ताईंनी फळीवरच्या एका डब्याकडे पाहिलं. "साबुदाणा," त्या म्हणाल्या.

आयुष्यात पुष्कळ लाथा खाल्ल्या, पण ही थेट बसली. ताईंनी मला पाणी दिलं आणि सगळं सांगितलं. त्या सकाळी साहेबांचा आवाज बंद पडला, त्याच दिवशी गॅलरीतल्या कढीपत्त्याला पाणी घालताना त्यांना कुंडीत गोळ्या दिसल्या. फुगलेल्या, तुपकट, एकीजवळ एक. टाचणी गोळी गालात धरायची, मला दाखवायला नाक चाटायची आणि मी 'झालं' म्हटल्यावर गॅलरीत जाऊन टाकून यायची. ताईंनी त्या वेचून काढल्या. त्या दुपारी त्या स्वतःपुरती मूठभर सुकट भाजत होत्या, तर चार दिवस अन्नाला न शिवलेली टाचणी येऊन पायाशी बसली. त्यांनी डॉक्टर मॅडमना फोन केला. मॅडम म्हणाल्या, सुकट धुऊन मीठ काढा, गोळीपुरतीच द्या, आणि रोज हीच वेळ पाळा.

"म्हंजी मॅडमना ठाऊक हाय?"

"सुकटीच्या पहिल्या दिवसापासून," ताई म्हणाल्या. "सकाळी चुकून तुमच्या हातून एखादी खरीच गेली तर दोनदा औषध होईल, म्हणून मग साबुदाणा. मोठा, खिचडीचा. तूप लावलं की ओळखू येत नाही. रागावलात का?"

रागावलो होतो. कान गरम झाले होते. मी विचारलं, "मग मला यायचं बंद का न्हाई केलं?"

ताईंनी आतल्या खोलीकडे पाहिलं. "तुम्ही यायचे बंद झालात तर नऊ वाजता हे काय करतील? काल सोफ्याखालून बाहेर येताना कसे हसत होते, ऐकलंत ना? मी किती दिवसांनी ऐकलं ते."

मी विचारलं, निदान सुकटीचं तरी साहेबांना का सांगत नाही. टाचणीच्या पाठीवरून हात फिरवत ताई सांगायला लागल्या. लग्नानंतर पुण्यात भाड्यानं राहत होते तेव्हाची गोष्ट. रविवारी सुकट केली होती, आणि जिन्यात दोघा-तिघांनी नाकाला रुमाल लावून मोठ्यानं काहीबाही म्हटलं. वासावर म्हणाले, पण बोट माणसांवर होतं. साहेब तेव्हा नुकते अधिकारी झाले होते. घरात येऊन म्हणाले, आजपासून या घरात सुकट शिजणार नाही, कुणाला बोलायला जागाच ठेवायची नाही. "मी भांडले नाही," ताई म्हणाल्या. "त्यांचा चेहरा बघवत नव्हता. पण जीभ ऐकते का? हे झोपले की खिडकी लावून घेते आणि मूठभर भाजते."

मी टॉवेल उचलला आणि अनवाणी खाली उतरलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी साबुदाणा दिला. टाचणीनं नाक चाटलं. मी 'झालं' म्हणालो, पण माझा आवाज मलाच खोटा वाटला. साहेब कधी नव्हे ते मला सोडायला नारळवाल्यापर्यंत आले.

"काल दुपारी आला होतात," ते म्हणाले.

"तुम्ही झोपला होता ना?"

"मला दुपारी झोप येत नाही. डोळे मिटून पडतो." त्यांनी दोन शहाळी सांगितली. "मी पडलो नाही तर ती भाजणार नाही. वास येतो ना तात्या. पंख्याखाली पडल्या पडल्या मी तो वास घेतो. आईकडचा वास आहे."

"मग सांगा की त्यांना."

"मीच बंद केलं. आता सुरू कर म्हणायला जीभ रेटत नाही." शहाळं हातात घेऊन ते उभे राहिले, प्यायले नाहीत. "चार लोक नाक मुरडतील म्हणून मी माझ्या घरात बायकोला चोरून खायला लावलं. अधिकारी होतो. तिनं निदान एकदा भांडायला हवं होतं."

मग पाणी पिऊन तोंड पुसत ते एकदम हसले. "आणि तो साबुदाणा आहे हे मला माहीत आहे. गेल्या आठवड्यात तुमच्या हातून एक निसटला, तो माझ्या टाचेखाली आला. औषधाची गोळी अशी चिकटत नाही. तिला सांगू नका. सकाळी ती दाराआडून बघत असते आणि पदर तोंडाला लावून हसते. आमच्या घरात एवढं हसू बऱ्याच वर्षांत झालेलं नाही."

पुढचा महिनाभर त्या घरात जे चाललं त्याला तमाशाच म्हणायचं. ताईंना वाटायचं साहेबांना माहीत नाही. साहेबांना माहीत होतं आणि ते ताईंना माहीत नव्हतं. मला दोघांचं माहीत होतं. टाचणीला सगळ्यांचं माहीत होतं. रोज नऊ वाजता ताई गंभीर चेहऱ्यानं वाटीत तूप लावलेला साबुदाणा आणायच्या, साहेब गंभीर चेहऱ्यानं गॅलरीकडून चाल करायचे, आणि खोंड आडवे केलेला मी, पेल्मेटकडे बघत, साबुदाण्यासाठी जिवाची बाजी लावायचो. घरी शालनला सांगितलं तेव्हा ती पोट धरून हसली आणि म्हणाली, "तुमच्यापरास मांजर हुशार हाय, पण नट म्हणून तुमी बरं हाय."

दुपारच्या गोळ्यांना तीन महिने झाले. डॉक्टर मॅडमनी टाचणीचं रक्त तपासलं आणि सकाळीच फोन केला. सगळं स्वच्छ, गोळ्या बंद. मी तेव्हा गायकवाडांकडेच होतो. ताईंनी डोळे पुसले. साहेब टाचणीला उचलून बुद्धमूर्तीसमोर जरा वेळ उभे राहिले. मग वळले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "सुमन, सुकट भाज."

ताईंच्या हातातली वाटी तशीच राहिली. "काय म्हणालात?"

"सुकट. आत्ता. आणि खिडक्या उघड."

"अहो, कुणी काही म्हटलं तर?"

"म्हणू दे."

ताईंनी त्यांच्याकडे पाहिलं. "म्हणजे दुपारी तुम्ही..." एवढंच बोलल्या आणि आत गेल्या. तवा तापल्याचा आवाज आला. साहेबांनी स्वतःच्या हातानं हॉलची खिडकी उघडली, गॅलरी उघडली, लाकडी दारही सताड उघडलं. वास जिन्यात उतरला. आम्ही दोघं उभेच होतो. साहेबांच्या मानेची शीर उडत होती, मला दिसत होती.

दाराची कडी वाजली. जाळीच्या दारापलीकडे लेले काकू उभ्या होत्या. साहेबांनी सदरा खाली ओढून सरळ केला आणि दार उघडलं.

"गायकवाड, हा वास रोज दुपारी दोनला येतो," काकू म्हणाल्या. "आज सकाळी कसा?"

"सुकट आहे," साहेब म्हणाले. "यापुढे आमच्या घरी कोणत्याही वेळेला होईल."

"सुकट आहे हे कळतं मला. नाक आहे." काकूंनी पदराखालून एक झाकणाची वाटी काढली. "आमचा बोका रोज दोन वाजता तुमच्या गॅलरीखाली जाऊन बसतो आणि माझ्या हातची गोळी थुंकतो. तीन महिने तुमच्या मांजरीचं बघतेय, कशी टुणटुणीत झाली. मी हे खात नाही, पण तो खाईल. यात थोडी द्या. वेळ एकच ठेवा म्हणजे मला बरं पडेल." मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. "आणि ह्यांना पाठवू नका. ह्यांच्या चपला मी पाहिल्यात."

आत ताई जोरजोरात हसायला लागल्या. साहेबांनी काकूंची वाटी हातात घेतली आणि तिच्याकडे बघतच राहिले. मग स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी तव्यातली सुकट चिमटीनं उचलून उभ्या उभ्या तोंडात टाकली. डोळ्यांत पाणी आलं होतं. तिखट नव्हती ती, मी चव घेऊन पाहिली.

माझं काम संपलं होतं. दुसऱ्या दिवशी नऊ वाजता मी घरी चहा पीत बसलो होतो आणि मला करमत नव्हतं. फोन वाजला. गायकवाड साहेब.

"तात्या, आज आला नाहीत?"

"गोळ्या बंद झाल्या ना साहेब."

"ते तिला कोण सांगणार? नऊला पाच कमी असताना जाऊन सोफ्याखाली बसलीय. मधून मधून डोकं बाहेर काढून दाराकडे बघतेय." मागून ताईंचा आवाज आला, मग साहेब म्हणाले, "सुमन म्हणतेय, साबुदाण्याला तूप लावून ठेवलंय."

मी चहा तसाच ठेवला, टॉवेल खांद्यावर टाकला आणि स्कूटर काढली. नारळवाल्याजवळ लावली आणि चपला हातात घेतल्या.